आराखड्याआधी ओढे मोजा

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
अध्यक्ष, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण



पुण्याभोवतीच्या आठशेच्या आसपास गावांचा प्रारूप विकास आराखडा प्राधिकरणाने २०२१ च्या पावसाळ्यात प्रसिद्ध केला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. आता काम पुन्हा मांडावे लागेल. सल्लागार येतील, उपग्रहाची चित्रे येतील, पिवळे (निवासी) आणि हिरवे (शेतीचे) पट्टे नव्याने आखले जातील. त्याआधी एक काम करून घ्यावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. या प्रदेशातला प्रत्येक ओढा, पाणंद, शिवरस्ता, पाटाची चारी आणि गायरान आधी जागेवर जाऊन मोजा आणि तिथे हद्दीचे दगड रोवा. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी त्यानंतर द्या.

मागणी किरकोळ वाटेल. पण हवेली, मुळशी, मावळ, खेड किंवा पुरंदरच्या गावात ज्याने गेल्या वीस वर्षांत शेती केली आहे, त्याला ती किरकोळ वाटणार नाही.

शहराच्या कडेची जमीन आराखड्याच्या दिवशी बदलत नाही. ती एकेका गटाने बदलते, आणि बहुतेकदा आराखडा यायच्या कितीतरी आधी. गावातलाच ओळखीचा एखादा, आता एजंट झालेला, पारावर विषय काढतो. विसार दिला जातो, साठेखत होते, कुलमुखत्यारपत्रावर सह्या होतात. सात-बारावर मूळ मालकाचे नाव तसेच असते आणि शेतात जेसीबी उतरलेला असतो. बांध मोडतात. बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब एका दुपारीत जातात. मुरमाचा रस्ता पडतो, फक्कीने रेघा मारून गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडले जातात, डांबरी रस्त्याच्या तोंडाशी कमान उभी राहते. तुकडेबंदीमुळे जिरायतीचे वीस आणि बागायतीचे दहा गुंठे यांच्या खालचे खरेदीखत सरळ होत नाही. म्हणून एकमेकांना कधी न पाहिलेली दहा-अकरा कुटुंबे मिळून अकरा गुंठे घेतात आणि सगळ्यांची नावे एकाच सात-बारावर सामाईक चढतात. ही कुटुंबे शहरात भाड्याने राहून थकलेली असतात. रिक्षा चालवणारे, कारखान्यात कंत्राटावर असणारे, मराठवाड्यातून पोटासाठी आलेले. त्यांचा राग धरावा असे मला कधी वाटले नाही. त्यांना परवडेल असे घर शहरात कुणी बांधलेच नाही.

त्या शेताच्या कडेने ओढा गेलेला असतो. वर्षातले सात-आठ महिने तो कोरडा. प्लॉट पाडणाऱ्याच्या लेखी ती वाया जाणारी चार-पाच गुंठे जमीन. तो दोन फुटी सिमेंटचे पाइप अंथरतो, वरून भराव टाकतो आणि ओढ्यावर आणखी दोन प्लॉट निघतात. खालच्या गटातला माणूसही पुढच्या वर्षी तेच करतो, फक्त त्याचे पाइप दीड फुटी असतात. त्याच्याही खाली कुणीतरी सोसायटीची भिंत सरळ ओढ्याच्या पात्रात उभी करतो. प्रत्येक व्यवहार वेगळा, प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी, आणि सगळ्यांनी मिळून काय केले हे पाहण्याचे काम कुणाचेच नाही.

महोदय, आपल्या महसूल दप्तराला हा ओढा ठाऊक आहे. जुन्या गाव नकाशावर तो काढलेला आहे. सात-बारावर पोटखराबा असतो, त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग (अ) म्हणजे खडक, नाळी अशी लागवडीला न येणारी जमीन. वर्ग (ब) म्हणजे सार्वजनिक रस्ता, मान्य पायवाट, इतर लोक ज्याचे पाणी वापरतात असा ओढा किंवा तळे. म्हणजे खाजगी मालकीच्या गटातही गावाचा हक्क असलेली जागा किती, हे शासनाने फार पूर्वीच लिहून ठेवले आहे. विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क हे 'इतर हक्क' या रकान्यात असतात. शेजाऱ्याने वाट अडवली किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह वळवला तर तहसीलदाराकडे दाद मागण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही चालू आहे. हे सगळे असूनही परवानगीच्या टेबलावर पोटखराबा (ब) कुणी उघडून पाहत नाही. तिथे क्षेत्र, झोन आणि पोहोच रस्त्याची रुंदी पाहिली जाते.

बिनशेतीची वाट सरकारने गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने सोपी केली. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला घरासाठी वेगळी बिनशेती परवानगी लागू नये अशी तरतूद जमीन महसूल संहितेत आली. हेलपाटे वाचले, चिरीमिरी वाचली, हे मी मान्य करतो. पण आपल्याकडची गावे वसली कुठे? पाण्याच्या काठाने. गावठाणाभोवतीचे ते दोनशे मीटर म्हणजे नेमका ओढ्याचा, पाणवठ्याचा, गुरांच्या वाटेचा आणि स्मशानाच्या वाटेचा पट्टा. तिथलीच तपासणी हलकी झाली.

ओढा बुजवल्याचा हिशेब खालच्या माणसाला द्यावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात मोठा पाऊस झाला. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, तलावांतून उतरतो आणि पुण्याच्या दाट वस्तीतून मुठेला मिळतो. त्या रात्री तो भिंती पाडत घरांत शिरला. त्या पावसाने शहरात आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. ज्या घरांत पाणी शिरले त्यांतल्या बहुतेकांनी डोंगरावरचे प्लॉटिंग कधी पाहिलेसुद्धा नसेल. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही त्या डोंगराच्या कुशीतली गावे तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. वर एक कार्यालय, खाली दुसरे, पाणी मात्र एकच.

२०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कमधले रस्ते पाण्याखाली गेले आणि देशभर त्याची चित्रे दिसली. नैसर्गिक नाले अडवल्याच्या, वळवल्याच्या नोटिसा मग निघाल्या. हिंजवडीची गोष्ट शरद पवार यांनी अनेकदा सांगितली आहे: तिथे आधी सहकारी साखर कारखाना व्हायचा होता, तो दुसरीकडे नेला आणि त्या माळावर संगणकाचा उद्योग आणला. निर्णय दूरदृष्टीचा होता. त्या उद्योगाने लाखभर घरांत पगार नेला, आमच्या भागातल्या मुलांनाही नेला. पण उद्योगासाठी जेवढी जागा आखली तिच्या पलीकडे माण, मारुंजी, म्हाळुंगे, नेरे इथली शेते आपापल्या नशिबाने इमारती झाली. पार्कच्या आतली गटारे कुठे उघडतात आणि पुढे पाणी कोणाच्या शेतातून नदीला जाते, याचा विचार पार्कच्या कुंपणापाशी थांबला.

पाण्याची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्या गावांत इमारती आधीच उभ्या होत्या. नळ मात्र गावाच्याच विहिरीचा राहिला. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकिटवाडी, धायरी, नांदोशी या भागात गिया बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण भराभर आढळले. हातापायांतली शक्ती गेलेली मुले, जवान माणसे व्हेंटिलेटरवर होती. साथीत संशयितांची संख्या दोनशेपलीकडे गेली. दूषित पाण्याचा संशय आला, तपासण्या झाल्या. जी विहीर काही शे घरांच्या गावासाठी पुरेशी होती, तिच्यातून हजारो सदनिकांना पाणी जात होते आणि शुद्धीकरण म्हणून बऱ्याचदा क्लोरिनची भुकटी एवढेच होते. खडकवासल्याचे धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या सदनिकांना परवानगी देताना पाणी कुठून येणार हे कुणीतरी विचारले असेलच. उत्तर हमीपत्रावर मिळाले असेल, आणि पुढे हमीपत्राच्या जागी टँकर आला.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. शहराचा कचरा तिथे नव्वदच्या दशकापासून टाकला गेला, विहिरी नासल्या, टँकर आले. २०१७ मध्ये गावे महापालिकेत घेतली, २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. हद्द दोनदा बदलली. विहिरीचे पाणी काही त्यामुळे गोडे झाले नाही.

आता शेतकऱ्याविषयी. आम्ही जमिनी विकतो याबद्दल शहरातले सुशिक्षित लोक हळहळतात. गुंठामंत्री म्हणून चेष्टा होते, सोन्याच्या साखळ्या आणि पांढऱ्या गाड्यांची चित्रे फिरतात. पूर्व हवेलीतला भाजीपाला पिकवणारा माणूस काय पाहतो ते मी सांगतो. कालव्याचे आवर्तन शहराच्या गरजेनंतर मिळते. शहराने वापरलेले पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचे ठरले होते. जे पाणी येते त्याला वास असतो, आणि त्यावर वाढलेली पालेभाजी आम्ही त्याच शहराला विकतो. वरच्या दोन गटांत प्लॉटिंग झाले की चारी फुटते, पाटाचे पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोहोचत नाही. खुरपणीला बाई मिळत नाही, कारण तिला सोसायटीत धुण्याभांड्याचे काम महिन्याच्या पगाराने मिळते आणि ते तिच्यासाठी बरे आहे. ऊसतोड टोळीची गाडी नव्या गेटमधून जाऊ देत नाहीत. अशा वेळी शेजारी एक एकर विकतो आणि त्याला मिळालेला आकडा सगळ्या घराला कळतो. त्या रात्री जेवणाच्या ताटावर काय बोलणे होते, याची कल्पना मंत्रालयात बसून यावी म्हणून हे लिहितो आहे. शेती मोडल्यावर जमीन विकली जाते, आणि शेती मोडण्याची सुरुवात बांधापलीकडच्या वावरात झालेली असते.

त्याच ताटावर आणखी एक भांडण वाढून ठेवलेले असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. जमीन पिकवायची होती तोवर बहिणी बहुधा काही मागत नव्हत्या. विसाराची पावती फाटली की तलाठ्याकडून वारसांची यादी निघते आणि बहिणीला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. कुणी साडी-चोळीवर करते, कुणी करत नाही आणि राखी तुटते. आमच्या तालुक्यातल्या दिवाणी न्यायालयातल्या दाव्यांत भाऊ-बहीण समोरासमोर किती आहेत, हे कोणताही वकील सांगेल. मला बहिणींचे म्हणणे बरोबर वाटते. आराखड्याने ज्या जमिनीचा भाव एका रात्रीत बदलतो, त्या भावात त्यांचा वाटा का नसावा?

आणि ज्यांचे नाव कोणत्याच सात-बारावर नाही, त्यांचे काय? अर्धलीने शेत करणारा वाटेकरी व्यवहारात कुठेच नसतो. गायरानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वस्ती अतिक्रमण ठरते. दिवाळीनंतर बारामती-इंदापूरकडून निघून कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे याच पट्ट्यातून जात आले. कापणी झालेल्या वावरात मेंढरे बसवायची, शेतकऱ्याला खत, मेंढपाळाला धान्य, असा तो व्यवहार होता. आता कुंपणे, महामार्ग आणि कमानी यांमधून शे-दोनशे मेंढरे हाकत नेणारी बाई डोक्यावर बिऱ्हाड घेऊन सेवा रस्त्याच्या कडेने चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाची सामाईक जमीन राखायला सांगितले, त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या शासनाने गायरान खाजगी कामासाठी न देण्याचा निर्णय काढला. आदेश स्वच्छ आहेत. गायरान कुठून कुठपर्यंत आहे, हे मात्र बहुतेक गावांत मोजलेले नाही.

म्हणून पट्ट्यांच्या रंगांविषयी माझे मत सांगतो. केवळ हिरवा रंग भरून शेती वाचत नाही. बांधाच्या अलीकडे पिवळा आणि पलीकडे हिरवा झाला की अलीकडच्याला कोट्यवधी मिळतात आणि पलीकडच्याला उपदेश. मग पलीकडचा गुपचूप गुंठे पाडतो. सरकार काही वर्षांनी ते नियमित करते. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली, आणि २०२५ मध्ये तुकडेबंदीतूनही जुन्या व्यवहारांना सूट देण्याचा निर्णय झाला. अडकलेल्या गरीब कुटुंबांसाठी ते आवश्यक होते, मी त्याला विरोध करत नाही. पण ज्याने नियम पाळून शेत राखले त्याला या सगळ्यात काय मिळाले, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

यावरचा रस्ता याच जिल्ह्यात सापडलेला आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी मिळून चारशे एकरांवर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले आणि शहर स्वतः वसवले. कोणाचे वावर बागेत गेले, कोणाचे रस्त्यात, कोणाचे इमारतीत. फायदा सगळ्यांना वाटून मिळाला, त्यामुळे बागेसाठी जागा सोडायला कुणी नाराज झाले नाही. त्यात त्रुटी होती: भूमिहीनाला वाटा नव्हता. ती दुरुस्त करता येईल. नगररचना योजनेत, म्हाळुंगे-माणला प्राधिकरणाने जशी आखली तशी, हेच तत्त्व कायद्यात बसते. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सुविधा काढून उरलेले भूखंड प्रमाणात परत द्यायचे. अशा योजनेत ओढ्याला त्याची पूर्ण रुंदी देणे कुणाच्याच एकट्याच्या अंगावर येत नाही. फक्त क्रम सांभाळावा लागेल. आधी ओढा, पाणंद, गायरान आणि पाणी येण्याची सोय, मग रस्ते, मग भूखंड. आज हा क्रम उलटा चालतो, आणि जे शेवटी उरते त्याला मोकळी जागा म्हणतात.

पुण्याभोवती रिंग रोड होतो आहे, पुरंदरमध्ये विमानतळासाठी सात गावांच्या जमिनी मागितल्या आहेत. जिथे अंजीर आणि सीताफळ पिकते त्या शेतकऱ्यांचा राग आपण पाहिला आहे. या दोन प्रकल्पांभोवती पुढच्या दहा वर्षांत जेवढी जमीन बदलेल, तेवढी गेल्या तीस वर्षांत बदलली नसेल. त्यामुळे वेळ थोडा आहे.

माझे मागणे असे आहे. येत्या पावसाळ्यात, ओढे वाहते असताना, भूमी अभिलेखच्या भूकरमापकांना गाव नकाशा देऊन प्रत्येक गावात पाठवा. सोबत ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे तलाठी, असावा, ग्रामसभेने निवडलेली चार माणसे असावीत, त्यांत किमान एक बाई आणि एक जमीन नसलेला माणूस असावा. पोटखराबा (ब) ची नोंद आणि जागेवरचा प्रवाह जुळवून पाहा. पूररेषा त्याच वेळी आखा. जिथे पाइप टाकले आहेत तिथे किती फुटी टाकले, हे लिहा. तयार झालेला नकाशा मराठीत, गट नंबरांसह, चावडीवर लावा आणि हरकतींसाठी पुरेसे दिवस द्या. २०२१ च्या आराखड्यातला रंगीत नकाशा वाचायला आम्हाला शहरातून वास्तुविशारद आणावे लागले होते. हा नकाशा होईपर्यंत मोठ्या गृहप्रकल्पांना आणि भराव टाकण्याला नवी परवानगी देऊ नका. आणि ज्या प्रकल्पाचे पाणी हमीपत्रावर आहे, त्याला वापर परवाना देऊ नका.

भूकरमापक कमी आहेत, हे उत्तर येईल याची जाणीव आहे. प्रत्येक गावात शेतकऱ्यांची शिकलेली मुले आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी स्थापत्याची पदविका घेतली आहे आणि ती घरी बसून आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या, मानधन द्या, ती हे काम करतील. आमच्या गावातून अशा मुलांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव प्राधिकरणाच्या कार्यालयात पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो. प्राधिकरणाकडून कोणत्या अधिकाऱ्याशी बोलायचे, तेवढे कळवावे.

आपला,
हवेली तालुक्यातील एक शेतकरी